हाक मारली की उलटं पळतं!

या वेळी खाण्यापिण्याचे आणि गोचिडांचे प्रश्न बाजूला ठेवलेत, कारण पत्रांचा सगळा ढीग एकाच तक्रारीचा आहे, पिल्लाला बोलावलं की येत नाही. कुणाचं लॅब, कुणाचं गल्लीतलं देशी, कुणाचं कारवानी, पण रडगाणं तेच. त्यामुळे हे सदर सगळं त्यालाच दिलंय. लांबलचक पत्रं कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, आमचा ब्रुनो लॅब आहे, पाच महिन्यांचा. दोन-अडीच महिन्यांचा होता तेव्हा नुसतं नाव घेतलं की पायात यायचा, आम्हाला वाटलं हुशार आहे, वेगळं शिकवायची गरजच नाही. आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये जरा मोकळा सोडला की परत यायचं नाव नाही. मिस्टर मागे धावतात, तो गाड्यांखाली घुसतो, लोक गॅलरीतून बघत बसतात. शेवटी कसाबसा पकडून एक धपाटा देऊन वर आणतो. घरात येतो, तेही मूड असला तर. मुद्दाम करतो का हा? (कोथरूड, पुणे)

उत्तर : मुद्दाम अजिबात नाही. दोन महिन्यांचं पिल्लू एकटं राहायला घाबरतं म्हणून ते तुमच्या पायात असतं, तुम्ही बाथरूमला गेलात तरी दाराबाहेर बसून कुंई कुंई करतं, हाकेचा त्यात काही संबंध नसतो. चार-पाच महिन्यांत पायात बळ येतं, भीती कमी होते, आणि लॅबसारख्या कुत्र्याला जगातला प्रत्येक वास महत्त्वाचा वाटायला लागतो. तेव्हा पुण्यातल्या सगळ्या ब्रुनोंना याच वयात बहिरेपण येतं, तुमचा काही वेगळा नाही.

आता जरा त्याच्या बाजूने पार्किंगचा हिशोब मांडा. पळालो तर काय होतं? बाबा मागे धावतात, मी गाडीखाली जातो, ते वाकतात, मी दुसऱ्या बाजूने निघतो, यापेक्षा भारी खेळ त्याला दुसरा माहीतच नाही. आणि सापडलो तर? धपाटा, पट्टा, लिफ्ट, दार बंद. म्हणजे शिकवणी रोज संध्याकाळी न चुकता चालू आहे, फक्त धडा उलटा चाललाय. कुत्रा जे आत्ता, या क्षणाला घडलं त्याच्याशीच शिक्षा जोडतो, त्यामुळे तो धपाटा 'पळालास म्हणून' आहे हे त्याला कधीच कळणार नाही, त्याच्या लेखी तो 'हातात आलास म्हणून' असतो.

रशियातले पाव्हलॉव्ह, ज्यांना १९०४ साली पचनसंस्थेवरच्या कामासाठी नोबेल मिळालं, त्यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री खाणं तोंडात पडायच्या आधीच, खाणं आणणारा माणूस दिसला तरी लाळ गाळायची, हे बहुतेकांनी शाळेत वाचलेलं असतं. आपल्याला नेमकं तेच हवंय, हाक कानावर पडली की विचार करायच्या आधी मान वळली पाहिजे. सध्या तुमच्या 'ब्रुनो कम, ब्रुनो कम, अरे ब्रुनोऽऽ' चा त्याच्यासाठी अर्थ एवढाच आहे की मजा संपायची वेळ झाली. ती हाक आता सोडून द्या, खराब झालीये. नाव नावाच्या जागी राहू दे, आणि बोलवायला असा शब्द घ्या जो घरात दिवसभर कुणी कुणाला म्हणत नाही. 'ये', 'चल' नको. माझ्या ओळखीच्या एका घरात 'पटपट' म्हणतात, पार्किंगमध्ये ओरडायला विचित्र वाटतं पण कुत्र्याला भलता आवडतो.

पहिले काही दिवस या शब्दावर त्याला कुठेही यायचं नाहीये. तो तुमच्या पुढ्यातच बसलाय, तुम्ही 'पटपट' म्हणता आणि उकडलेल्या चिकनचा, बिनमिठाचा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा देता, बास. घरात चिकन चालत नसेल तर पनीर. दिवसातून चार-पाच वेळा, एकेका वेळी सात-आठ तुकडे. यात एक बारीक गोष्ट आहे जी जवळपास सगळे चुकवतात. आधी शब्द, मग हात खिशात. हात आधी हलला की तो हातच बघत बसतो आणि शब्द त्याच्या कानावर पडतच नाही, पंख्याच्या आवाजासारखा मागे राहतो.

मग घरातल्या घरात अंतर वाढवा. एक जण हॉलमध्ये, एक बेडरूममध्ये, पॅसेज मोकळा, आळीपाळीने बोलवायचं. पोरं असतील तर त्यांना द्या हे काम, ती न कंटाळता करतात. तुकडा देताना हात लांब करून देऊ नका, तुमच्या गुडघ्याला चिकटून द्या, नाहीतर तो हातभर अंतरावर थांबून मान लांब करून तुकडा घेतो आणि सटकतो, आणि पुढे जन्मभर हातभर लांबच थांबतो. डाव्या हाताची दोन बोटं पट्ट्यात घाला, मग उजव्या हाताने तुकडा, मग पट्टा सोडा आणि 'जा'. हे नीट बसलं पाहिजे. पट्ट्याकडे हात आला की चांगलं काहीतरी मिळतं आणि वर सुटकाही होते, हे त्याच्या अंगात मुरलं की गाडीखालची पळापळ निम्मी तिथेच संपते.

बाहेर जाल तेव्हा आठ-दहा मीटरची दोरी. हार्डवेअरच्या दुकानात कॉटनची किंवा नायलॉनची पट्टी मिळते, तिला हुक लावून घ्या. दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला लावायची, गळ्याच्या पट्ट्याला नाही, कारण पळता पळता दोरी संपली की सगळा झटका मानेला बसतो. हाताला गुंडाळू नका, कातडं सोलून निघतं. ती जमिनीवर घसटत राहू दे, गरज पडली तर पाय ठेवायचा. आणि विहिरीतून बादली ओढल्यासारखं त्याला ओढून आणायचं नाही, तो स्वतःच्या पायांनी आला तरच ती शिकवण. दोरी फक्त एवढ्यासाठी की हाक वाया गेली तरी तो रस्त्यावर पोचू नये.

एकदाच बोलवा. नाही आला तर पुन्हा पुन्हा ओरडत बसू नका. त्याच्या जवळ जा, खाली बसा, टाळ्या वाजवत उलट्या दिशेला पळा. हो, मिस्टरांना सांगा की धावायचंच असेल तर ब्रुनोच्या विरुद्ध दिशेला धावा, लोक गॅलरीतून तसेही बघतच आहेत. पिल्लू पळणाऱ्याच्या मागे येतं, हा त्याचा स्वभावच आहे, तोच आपल्या कामाला लावायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आल्यावर काय होतं ते बदला. खेळ ऐन रंगात असताना बोलवा, तुकडा द्या आणि 'जा, खेळ' म्हणून परत सोडा. बहुतेक वेळा असंच झालं पाहिजे, की आलो तर खाऊही मिळाला आणि खेळही गेला नाही. घरी न्यायची वेळ झाली की हाक मारायचीच नाही, स्वतः चालत जायचं, तुकडा द्यायचा, पट्टा लावायचा, दोन मिनिटं पट्ट्यातच खेळायचं आणि मग वर. आंघोळ, नखं कापणं, कानात औषध, या कामांना तर कधीच बोलावू नका, जाऊन घेऊन या. मी बघते ना, रविवारी सकाळी 'ये रे माझ्या सोन्या' म्हणून लाडाने बोलवायचं आणि थेट नळाखाली धरायचं, आणि सोमवारी म्हणायचं की हल्ली येतच नाही.

पार्किंगमध्ये मोकळा सोडणं मात्र मला मुळीच पटत नाही, कितीही शिकला तरी. गाडी मागे घेणाऱ्याला आरशात पिल्लू दिसत नाही. मैदान बघा, चारी बाजूंनी बंद असलेलं.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. एसटी स्टँडच्या मागे सापडलेलं एक देशी पिल्लू आम्ही घरी आणलंय, आई म्हणते तीनेक महिन्यांचं असेल. पडवीत राहतं, ठेवलेलं खातं, पण मी हाक मारून हात पुढे केला की मागे सरकतं. मला त्याला शिकवायचंय. (चिपळूण)

उत्तर : अरे, छान केलंस. पण आत्ता हाक मारूच नकोस. स्टँडवरच्या पिल्लाला माणसाचा हात म्हणजे काय वाटतं माहितीये का, तू कुठल्याही गल्लीतल्या कुत्र्यासमोर नुसता खाली वाक, दगड उचलायचाही नाही, ते पळतं की नाही बघ. वाकणारा माणूस दगड मारतो हे ती फार लहानपणी शिकतात. तेव्हा त्याच्यासमोर उभं राहून वाकायचं नाही आणि डोक्यावरून हातही न्यायचा नाही.

पडवीत जमिनीवर बस, त्याच्याकडे तोंड करून नाही, जरा आडवा. टक लावून बघू नकोस, पुस्तक घेऊन बस हवं तर, आईपण खूश. उकडलेल्या अंड्याचा बारका तुकडा त्याच्या *मागे* टाक. ते वळून खाईल आणि आणखी आहे का बघायला तुझ्याकडे येईल. पुन्हा मागे टाक. कळलं का गंमत? तू बोलावलं नाहीस, तरी ते आपणहून पुन्हा पुन्हा तुझ्याकडे येतंय, आणि दर वेळी लांब जायला त्याला मोकळीक आहे. काही दिवसांनी ते अगदी गुडघ्याशी येऊन थांबायला लागलं की ते निघायच्या क्षणाला तुझा शब्द म्हण, म्हणजे आधीच येत असलेल्या पिल्लावर शब्द चिकटवायचा. सगळी कोकणातली माणसं म्हणतात तसं 'यू यू यू' चालेल. फक्त घरच्यांना सांग की दुपारी अंगणात 'हाड हाड' आणि संध्याकाळी 'यू यू' असं करू नका. सुकट वासाला भारी असते आणि तुला द्यायचा मोह होईल, पण खारट असते, नको देऊ.

हात लावू द्यायला लागलं की आधी छातीला, खालून. मग मान. पट्टा घातलास तरी लगेच ओढू नकोस, हलकी दोरी लावून घरात तशीच घसटत फिरू दे.

आणि एक गोष्ट आईबाबांना वाचून दाखव. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याला नेऊन जंताचं औषध आणि लसी सुरू करा, रेबीजची लस तीन महिन्यांपासून देतात. तोवर ते चावलं, दात लागला, साधं ओरबाडलं तरी लपवायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनचं विचारायचं. 'पिल्लू तर आहे, त्याला कुठला रेबीज' असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस, पिल्लांनाही होतो.

प्रश्न : आमचा पॉमेरियन चिंटू बिस्किटाचा पुडा वाजवला की तिसऱ्या खोलीतून येतो, पुडा नसला की ढिम्म. नात त्याला 'कम हिअर' म्हणते, मुलगा 'इधर आ', मी 'ये रे बाळा'. लबाड झालाय का? आणि जन्मभर असा खाऊ द्यायचा का? (नागपूर)

उत्तर : काकू, लबाड नाही, तो एकदम बरोबर शिकलाय. तुमच्या घरात तीन माणसांच्या तीन भाषा आहेत आणि कायम एकसारखा असलेला आवाज एकच, पुड्याचा. त्याने तोच शब्द धरला. एक शब्द ठरवा, फ्रिजवर कागद चिकटवा, पाहुण्यांनाही दाखवा. मग शब्द म्हणा, एक श्वास थांबा, आणि *मग* पुडा वाजवा. थोड्या दिवसांनी शब्दावरच उठायला लागेल. त्यानंतर पुडा स्वयंपाकघरात वर ठेवून द्या आणि प्रत्येक खोलीत उंचावर एकेक छोटी डबी ठेवा, तुमच्या हातात काही नाही, तुम्ही बोलावता, तो येतो, आणि तुम्ही डबीतून काढून देता. आधी दाखवून आणलं तर ती लाच, आल्यावर दिलं तर ती कमाई.

बिस्किटं म्हणजे मैदा आणि साखर, त्यापेक्षा अंडं, पनीर, उकडलेलं गाजर बरं. वरखाऊ दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, नाहीतर पॉमेरियनचा गोल गोळा होतो आणि मग गुडघे दुखतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुके, कांदा, लसूण कधीच नाही, आणि शुगरफ्री गोळ्या-च्युइंगममध्ये झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विष आहे, पर्स खाली ठेवताना लक्षात ठेवा. संत्र्याची बी काढलेली अर्धी फोड मात्र चालते, नागपूरच्या कुत्र्याला तेवढा हक्क आहेच.

जन्मभर द्यायचा का, तर अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी उंदीर-कबुतरांवर दाखवलं होतं की बक्षीस दर वेळी न देता कधी मधी, अंदाज न लागेल असं दिलं तर सवय जास्त टिकते, लॉटरीची तिकिटं लोक याच कारणाने घेत राहतात. त्यामुळे 'बस', 'शेकहँड' यांचा खाऊ हळूहळू कमी करा खुशाल. पण हाकेला आला तर काहीतरी मिळालंच पाहिजे असं माझं मत आहे, खाऊ नसेल तर पाठ खाजवणं, बॉल, कौतुक. एखाद्या दिवशी याच हाकेने त्याला ट्रकसमोरून मागे आणायचंय, तिथे कंजुषी कशाला.

प्रश्न : मॅडम, आमच्या शेतावर सहा महिन्यांचं कारवानी पिल्लू आहे. एरवी हाकेला येतं पण ससा दिसला, शेजाऱ्याची शेळी पळाली की संपलं, मग देव बोलावला तरी येत नाही. वडील म्हणतात चांगलं बदडून काढ. (लातूर जिल्हा)

उत्तर : वडिलांना नमस्कार सांगा आणि म्हणावं की मारल्याने ते शेळीमागे जायचं थांबणार नाही, शेळीमागून परत यायचं थांबेल. आधीच लांब जातंय, मग रात्रीच येईल.

कारवानी म्हणजे तुमच्याच मुलखातलं, लातूर-सोलापूर भागातलं, पिढ्यान् पिढ्या बघायचं आणि सुटायचं यासाठी पाळलेलं जनावर. लॅब नाकाने भरकटतो, हे डोळ्याने. आणि पाठलाग हेच त्याचं बक्षीस असतं, तुमच्या खिशातलं चिकन तिथे कसं पुरणार? एकदा चौखूर सुटल्यावर हाक मारणं म्हणजे हाक फुकट घालवणं, प्रत्येक फुकट गेलेली हाक ती कमजोर करते. तुमचा वेळ त्याच्या आधीचा असतो. बघा नीट, ससा दिसला की आधी डोकं वर जातं, कान उभे होतात, एक पाय उचललेला राहतो, अंग ताठ, शेपूट थांबते. हा एक-दोन सेकंदांचाच खेळ असतो. त्यात हाक गेली तर मान वळते, नाही गेली तर गेलं.

आणि बक्षीस त्याच्या आवडीचंच द्या. वेताच्या काठीला दोन-अडीच मीटर दोरी, दोरीच्या टोकाला जुन्या गोधडीची चिंधी. हाकेला आलं की ती चिंधी जमिनीवरून सळसळत पळवा आणि त्याला पकडू द्या. ससा मिळत नाही, पण मालकाकडे आलं की पळायला आणि धरायला मिळतं. अजून हाडं कोवळी आहेत, तेव्हा फार गरगर फिरवू नका, उंच उड्या नकोत.

लांब दोरीचा सराव उभ्या सोयाबीनमध्ये होत नाही, गुंता होतो, पडीक रानात किंवा काढणी झाल्यावर करा. उघड्या, कठडा नसलेल्या विहिरी कुठे आहेत ते आधी बघून ठेवा, धावणारं कुत्रं त्यात पडल्याचे प्रकार दर वर्षी ऐकते. ससा, काळवीट हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, 'कुत्र्यानं धरला, मी नाही' हे वन खातं ऐकून घेत नाही. शेळ्यांचं म्हणाल तर धनगरांची पिल्लं बघा, ती मेंढरांत वाढतात आणि मेंढरू पळालं तरी मागे लागत नाहीत, कारण त्यांना ती रोजचीच असतात. तुमच्या पिल्लाला दोरीत धरून रोज थोडा वेळ शांत चरणाऱ्या शेळ्यांजवळ नुसतं बसवा. कारवानीचं धनगरी होणार नाही, पण शेळीचं अप्रूप जाईल.

प्रश्न : ऑनलाइन शॉक देणारी कॉलर मिळते, रिमोट दाबला की कुत्रा येतो म्हणे. घेऊ का? की शिट्टी बरी? (ठाणे)

उत्तर : शॉकची कॉलर नको. वेल्समध्ये २०१० पासून तिच्यावर बंदी आहे. शॉक बसला त्या क्षणी कुत्रा ज्याच्याकडे बघत असतो त्याच्याशी तो दुखणं जोडतो. सोसायटीतलं पोरगं सायकलवरून जात होतं तर पोरगं वाईट. मग येता-जाता पोरांवर भुंकणारं, एक दिवस चावणारं कुत्रं तयार होतं आणि लोक विचारतात हा अचानक असा कसा झाला.

शिट्टी उत्तम. माणूस चिडला की आवाज चढतो, घाबरला की फाटतो, आई-बाबा-आजी सगळ्यांचा वेगळा, शिट्टी मात्र कायम तीच आणि लांब जाते. साधी क्रीडाशिक्षकांची चालते. माणसाला ऐकू न येणारी महागडी घ्यायची गरज नाही, कुत्र्याला आपल्या दुपटीहून जास्त, साधारण ४५,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं हे खरं, पण आपल्यालाच ऐकू येत नसेल तर ती वाजली की नाही हे कळणार कसं. एकच काळजी, तुमचा वॉचमन रात्री शिट्टी मारत असेल तर तुमची पद्धत वेगळी ठेवा, तीन तुटक फुंका वगैरे. कुकरची गल्लत होत नाही, निदान माझ्याकडे तरी झाल्याची तक्रार आलेली नाही.

प्रश्न : पिल्लू नऊ आठवड्यांचं आहे. डॉक्टर म्हणाले लसी पूर्ण होईपर्यंत खाली नेऊ नका, शेजारचे काका म्हणतात ट्रेनिंग सहा महिन्यांनंतरच सुरू करतात. मग तोवर काय करू? (बोरिवली)

उत्तर : डॉक्टरांचं ऐका, काकांचं ऐकू नका. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा उलट्या-जुलाबांचा आजार, त्याचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि ज्या गल्लीत भटकी कुत्री फिरतात तिथे पिल्लाचे पाय टेकवणं धोक्याचं आहे, डोस साधारण चार महिन्यांपर्यंत चालतात. पण शिकवायला खाली जावंच लागतं असं कुणी सांगितलं? वर कोथरूडच्या उत्तरातला पॅसेजचा खेळ आजपासून सुरू करा. या वयात ते तसंही मागे मागे येतं, तर ते येत असताना शब्द म्हणा, फुकटात शिकवून होईल. जगाची ओळखही तीन-साडेतीन महिन्यांपर्यंतच सगळ्यात सहज होते, म्हणून कडेवर घेऊन खाली जा, रिक्षा, बँडबाजा, लोकलचा आवाज, छत्रीवाला माणूस दाखवा. कडेवर, जमिनीवर नाही.

प्रश्न : फटाक्याच्या आवाजाने आमचं सात महिन्यांचं देशी पट्ट्यातून निसटलं, दुसऱ्या दिवशी सापडलं. पुन्हा झालं तर काय करायचं? (नाशिक)

उत्तर : सापडलं हे नशीब. घाबरून पळणाऱ्या कुत्र्याला हाक ऐकू येत असली तरी ती पोचत नाही, कितीही शिकवलेलं असो, त्यामुळे दिवाळीत आणि मिरवणुकीच्या दिवसांत संध्याकाळच्या आधीच फिरवून आणा आणि पट्टा-हार्नेस दोन्ही लावा, दोन वेगळ्या हुकांनी. पट्ट्यात दोन बोटं जेमतेम जातील एवढाच सैल हवा, देशी कुत्र्यांची मान डोक्याएवढीच जाड असते, मागे रेटा दिला की सरळ निघतो. वाढत्या पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला तपासा.

सुटलंच तर दहा जणांनी नावाने ओरडत मागे जाऊ नका, त्याला वाटतं सगळं गावच मागे लागलंय. ज्याच्याशी त्याची सगळ्यात जास्त गट्टी आहे त्या एकानेच जायचं. दिसलं की थांबा, आडवे वळा, खाली बसा, जमिनीवर वासाचं काहीतरी टाका आणि बघू नका. फार लांबून दिसलं तर पाठ फिरवून घराच्या दिशेने हळू चालत त्याचा रोजचा शब्द एकदा, साध्या आवाजात म्हणा. हाताशी आलं तर रागावणं नाही, रडून मिठी मारणंही नाही, आधी पट्टा. नाही सापडलं तर जिथून सुटलं तिथे त्याचं अंथरूण किंवा तुमचा घातलेला शर्ट ठेवून या, गर्दी ओसरल्यावर, पहाटे पहाटे ती बऱ्याचदा त्याच जागी परत येतात. पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला आजच करून घ्या, किल्ल्या बनवणाऱ्याकडे होतो, आणि पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना मायक्रोचिपचं विचारा, तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेजवळ कातडीखाली बसवतात. बिल्ल्यावर कुत्र्याचं नाव नसलं तरी चालेल, नंबर मात्र दोन घाला, एक घरात कायम असणाऱ्या माणसाचा.